घडी

सकाळचे पाच वाजलेले. खिडकीखाली नारेफ नदी गोठून पडलेली,
आणि मी वॉशिंग मशीन लावलेलं.
धुण्यासारखं काही नव्हतं. एक टॉवेल.
घरात काहीतरी गरगरत राहावं, एवढ्यासाठी.

खालच्या मजल्यावरचे विन्त्सेंती भांडायला वर आले.
एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस,
रागातसुद्धा उंबऱ्याच्या अलीकडेच ब्रेक लावून उभा.
हातात मेंढ्यांची लोकर कापायची कात्री, तशीच विसरून आणलेली.
मी घाबरले नाही.
रात्रभर घाबरलेल्यांचंच ऐकायची नोकरी माझी.

एकशेबारा फिरवला की जो आवाज येतो, तो माझा.
बर्फ फुटलाय. धूर येतोय. तो श्वास घेत नाहीये.
मी म्हणते, पत्ता सांगा.
मग म्हणते, दोन्ही हात छातीच्या मधोमध, माझ्याबरोबर मोजा.
एक, दोन, तीन.
तीस झाले की दोन श्वास, आणि पुन्हा एक.
त्या रात्री एका बापाबरोबर मी चौदा मिनिटं मोजलं.
मग सायरन, कुणाचे तरी बूट, फोन बंद.
पुढे काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत.
तशी पद्धत नाही.

आकडे मात्र बोटांत राहून जातात.
पावाला लोणी लावताना तीस.
जिना चढताना तीस, आणि वर पायऱ्या शिल्लक.

यातलं मी काहीच सांगितलं नाही.
"मशीनमध्ये काय आहे?" त्यांनी विचारलं.
"टॉवेल."
"एकच?"
"एकच."
ते कात्रीकडे बघत राहिले, जणू ती आत्ताच हातात आली.
मग म्हणाले, "खाली चला."

त्यांच्या टेबलावर हिरव्या कागदांचा गठ्ठा.
कागद मधोमध दुमडायचा. पेन्सिल नाही, रेघ नाही.
कात्री आईची, धार त्यांची.
हात जागचा हलवायचा नाही, कागद फिरवायचा:
"बसच्या उलट. इथे रस्ता वळतो."

पहिल्याच दिवशी मी घडीवरूनच कात्री चालवली.
उघडायला गेले, तर एका झाडाची दोन झाडं.
प्रत्येकावर एकेक पक्षी,
दोघांच्या मध्ये टेबलाचं लाकूड.
"घडी कापायची नसते," ते म्हणाले,
आणि चहात रास्पबेरीचा मुरंबा ढवळत बसले.

लोक म्हणतात, कलेनं मन हलकं होतं.
माझं झालं का? काय सांगू, त्याला तराजू नाही.
एवढं खरं, की कात्री कागदात असते तोवर आकडे येत नाहीत.
मेंढी चरावी तसा बारीक आवाज होत राहतो.
मी कान देऊन ऐकते,
आणि पलीकडून कुणी काही मागत नाही.
एकदा तर टेबलावरच डोकं टेकून झोपले.
जाग आली तेव्हा गालाला हिरवी कात्रणं चिकटलेली,
आणि विन्त्सेंती रेडिओचा आवाज कमी करून
हवामान ऐकत होते.

रडलेसुद्धा एकदा. कोंबड्याच्या शेपटीवर.
तुरा इतका छान जमला होता, आणि शेवटचं पीस तुटलं.
त्यांनी रुमाल दिला नाही, दुसरा कागद दिला.

काल मी माणूस कापायला घेतला.
माणूस अर्धाच कापायचा असतो:
एक खांदा, एक पाय, तोंडाचा एक कोपरा.
मुलगा वाटावा इतका लहान झाला, मी ठरवलं नव्हतं.
आज तो माझ्याबरोबर ड्युटीवर आहे,
हेडसेटशेजारी, डायरीच्या पानांत.
घडी अजून मोडलेली नाही.
दोन वेळा बोट आत घातलं, आणि काढून घेतलं.

दिवा लागतो. मी बटण दाबते.
पत्ता सांगा, मी म्हणते,
आणि दुसरा हात डायरीवर ठेवते.